पुतळ्यांचा नाद

मराठीच्या प्राध्यापकाला सोन्याची नाणी जमवण्याचा नाद आहे असे सांगितले, की ऐकणारा आधी त्या प्राध्यापकाच्या तोंडाकडे पाहतो, मग त्याच्या चपलांकडे पाहतो आणि शेवटी हळूच विचारतो, "शिकवण्या घेता वाटतं?" आमच्या अकोल्यात शिकवण्यांचा धंदा जोरात आहे हे खरे, पण तिथे जाणारी पोरे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला जातात. मराठीची शिकवणी लावणारा विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही. शिवाय नोकरीची पहिली अकरा वर्षे मी तासिका तत्त्वावर काढली. म्हणजे घड्याळात तास जेवढे, पाकिटात पैसे तेवढे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही नाहीत. तेव्हा माझ्या संग्रहात पंधरा वर्षांत सात नाणी जमली यात आश्चर्य काही नाही. आश्चर्य असलेच तर ते सात जमली याचे.

हे सगळे आता लिहावेसे वाटले ते माझ्या भाच्यामुळे. तो अमेरिकेत फ्लोरिडात असतो. त्यालाही तिकडे हाच रोग जडला आहे, मात्र त्याचा प्रकार वेगळा. तो स्पॅनिश अमलातली लहान लहान सोन्याची नाणी जमवतो. त्याने मला एकाचे छायाचित्र पाठवले. मेक्सिकोच्या टांकसाळीतला एक एस्कुदो. सदऱ्याच्या बटनापेक्षा किंचित मोठा, आणि त्यावर तिसऱ्या कार्लोस राजाचे लांब नाकाचे मुखकमल. सोबत लिहिले होते, की १७१५च्या जुलै महिन्याच्या शेवटच्या दिवशी स्पेनचे सोन्याचांदीने भरलेले गलबतांचे तांडे ह्याच किनाऱ्यावर वादळात बुडाले, आणि अजूनही मोठे वादळ होऊन गेले की लोक वाळूत नाणी शोधत फिरतात. शेवटी एक खोचक प्रश्न होता: "मामा, तुमच्या वऱ्हाडात समुद्र नाही. तुम्ही कुठे शोधता?"

मी त्याला उलट लिहिले, "बाबा रे, तिकडचे सोने पाण्यात बुडाले. आमच्याकडचे बायकांच्या गळ्यात आहे."

पुतळी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुतळीची माळ म्हणजे रेशमी दोऱ्यात गाठवलेल्या पातळ, गोल, सोन्याच्या चकत्या. प्रत्येकीवर काही उभी चित्रे असतात, म्हणून ती पुतळी. आमच्या आजीच्या मते एका बाजूला राम-सीता होते आणि दुसऱ्या बाजूला प्रभावळीत उभी असलेली देवी. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती चौरंगावर माळ ठेवी, प्रत्येक पुतळीला हळदीकुंकवाचे बोट लावी आणि आम्हां पोरांना लांबूनच नमस्कार करायला सांगे.

आता यातली गंमत ऐका. ते राम-सीता नव्हेत. पुतळी हे मुळात इटलीतल्या व्हेनिस नगरीचे नाणे, डुकाट. ते पहिल्यांदा पाडले गेले १२८४ साली. वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोने त्या काळी जेवढे शुद्ध करता येई तेवढे शुद्ध. एका बाजूला संत मार्क हे व्हेनिसचे ग्रामदैवत उभे आहे, आणि व्हेनिसचा निवडून आलेला अधिपती, ज्याला तिकडे दोजे म्हणत, तो त्याच्यापुढे गुडघे टेकून हातात निशाण घेतो आहे. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या लंबवर्तुळात येशू ख्रिस्त उभा आहे. भोवती लॅटिन अक्षरे. अर्थ असा, की हे ख्रिस्ता, ज्यावर तुझी सत्ता आहे ते हे राज्य तुलाच अर्पण असो. आमची आजी शिळ्या हाताने देवाला न शिवणारी. आणि ती जन्मभर ख्रिस्ताला कुंकू लावत आली! तिला हे सांगायला मी फार उशिरा शहाणा झालो. सांगितले असते तरी तिने लावायचे सोडले असते असे मला वाटत नाही.

पाचशेहून अधिक वर्षे व्हेनिसने ह्या नाण्याचा तोंडवळा बदलला नाही. दोजे बदलले, त्यांची नावे बदलली, पण चित्र तेच आणि कस तोच. म्हणून अलेक्झांड्रियापासून सुरतेपर्यंत कोणताही व्यापारी ते डोळे मिटून घेई. मिरी, कापड, नीळ यांच्या बदल्यात युरोपाजवळ देण्यासारखा माल थोडा. तेव्हा सोने-चांदीच यायची. स्पेनची जी आठ रियालांची चांदीची नाणी लाखांनी पूर्वेकडे आली, ती मोगलांच्या टांकसाळीत आटून रुपये होऊन गेली. पुतळी मात्र पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली. सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली, तीत शिवाजी महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची लांबलचक यादी आहे. त्या यादीत तऱ्हेतऱ्हेच्या होनांबरोबर पुतळीही आहे. आणखी एक मजा. स्पेनच्या फर्डिनंड आणि इसाबेला यांनी १४९७ साली आपले सोन्याचे नाणे नव्याने बांधले ते ह्याच डुकाटच्या वजनावर. भाच्याचा एस्कुदो त्याच्यानंतरचा, जरा हिणकस. म्हणजे नात्याने पाहिले तर आमची पुतळी त्याची आजेसासू लागते.

भाषेचा मास्तर असल्यामुळे मला नाण्यापेक्षा नाण्याच्या नावाचा मोह जास्त. अरबीत 'सिक्का' म्हणजे नाणे पाडायचा ठसा. तोच शब्द समुद्रापार गेला आणि व्हेनिसच्या टांकसाळीला 'झेक्का' म्हणू लागले; झेक्कात पाडलेले ते 'झेक्किनो'. त्याचे फ्रेंच-इंग्रजीत झाले 'सिक्विन'. पुढे नाणे गेले आणि कपड्यावर शिवायच्या चकचकीत टिकल्यांना ते नाव चिकटले. आमच्या गांधी रोडवरच्या दुकानात सध्या 'सिक्वेन्सची साडी' मिळते ती ही. माझ्या सौभाग्यवतीने तसली साडी घेतली तेव्हा मी तिला ही सगळी कुळकथा दुकानातच सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि दुकानदाराला म्हणाली, "यांच्याकडून पैसे घ्या."

आजीच्या माळेत पूर्वी एकवीस पुतळ्या होत्या. मी जाणता झालो तेव्हा बारा होत्या. बाकीच्या कुठे गेल्या ते वडिलांना पाठ होते. एक त्यांच्या कॉलेजच्या फीला गेली, तीन विहिरीत गेल्या, चार १९७२च्या दुष्काळात, एक आत्याच्या बाळंतपणात. माळ आखूड होत जाई तसा पटवेकरी मधले मणी वाढवून देई. एक प्रसंग वडील फार रंगवून सांगत. ९ जानेवारी १९६३ला सुवर्णनियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरटहून चोख दागिना घडवायचा नाही, आणि दागिन्याखेरीज दुसऱ्या रूपात सोने असेल तर ते सरकारला कळवायचे. आजोबा घाबरले. पुतळी हा दागिना की नाणे? नाणे ठरले तर कागद भरावे लागणार. न भरले तर बेड्या. त्यांनी माळ ज्वारीच्या कणगीत लपवली आणि सराफाकडे गेले. सराफ म्हणाला, "काका, कडी आहे ना डाखलेली? मग तो दागिना. कडी काढली की नाणं." आजोबा घरी आले आणि रात्री कंदील घेऊन बसले. एकवीसच्या एकवीस कड्या ओढून पाहिल्या म्हणे! पुढे त्याचा १९६८ साली कायदा झाला आणि १९९० साली तो रद्दही झाला. पण आमच्या घरात 'कडी शाबूत आहे ना?' हा वाक्प्रचार होऊन बसला. मुलीचे लग्न ठरले, पोराला नोकरी लागली, कोणाचे भांडण मिटले, की वडील हेच विचारत.

आजीमागे वाटणीत एक पुतळी माझ्याकडे आली. ती हातात आली त्या दिवशी मी भिंग आणले. व्हेनिसचा कोणता दोजे आपल्या घरात राहून गेला ते एकदा पाहावे म्हटले! पाहिले तर अक्षरे नव्हतीच. नुसत्या उभ्या-आडव्या काड्या. लहान पोराने पाटीवर ओढाव्या तशा. गुडघे टेकलेला दोजे सरळ उभा राहिला होता. ही नक्कल होती, कोणा देशी सोनाराने पाडलेली. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे राज्य बुडवले. लुडोविको मानिन हा शेवटचा दोजे. पण आमच्याकडे पुतळीची मागणी थोडीच बुडाली होती? १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत ज्याच्या हाती पैसा आला त्याने तो सराफाकडे नेला. व्हेनिस जाऊन साठ वर्षे झाली होती. सोनार ठसे पाडीतच होते. लॅटिन येत नव्हते, म्हणून अक्षरांच्या काड्या झाल्या.

मी खट्टू झालो हे कबूल करतो. इथून खरा नाद लागला. खरी पुतळी मिळवायचीच!

नाण्यांच्या बाबतीत आमचा भाग तसा पोरका नाही. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात, आता वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीरजवळ तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा सापडला. दीड हजारांहून अधिक नाणी. वा. वि. मिराशींनी ती वाचली, आणि पुराणांच्या यादीत नसलेले सातवाहन राजे त्यांतून बाहेर आले. एवढा साठा खेड्यातल्या मातीत पडलेला! पण अशा धनावर १८७८चा निखात निधीचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे जुने धन जमिनीत सापडले तर ते कलेक्टरला कळवावे लागते. म्हणून मी जमिनीच्या वाटेला जात नाही. माझी खाण सराफा बाजारात आहे.

तिथे एका जुन्या पेढीवर मी शनिवारी दुपारी बसतो. शेटजींना माझा नाद ठाऊक आहे. मोडीत आलेले जुने काही असले की मुशीत जाण्यापूर्वी ते मला दाखवतात. सोन्याच्या भावाने आणि वर चहाच्या मोबदल्यात मी एखादे उचलतो. पैसे हप्त्याहप्त्याने. नाणेसंग्राहकांच्या दृष्टीने असल्या नाण्याची किंमत उतरलेली असते, कारण त्याला कडी डाखलेली असते. भाचा तर असे नाणे हातात धरीत नाही. 'दागिन्यातले' म्हणून नाक मुरडतो. मला परवडते ते त्याच कारणाने.

गेल्या वर्षीची गोष्ट. जुलैचा पहिला आठवडा. मृगात पाऊस पडला, लोकांनी पेरले, आणि मग पाऊस जो गेला तो तीन आठवडे तोंड दाखवीना. कोवळे कोंब जळाले. बाजारात एकच शब्द होता: दुबार पेरणी. अशा वेळी सराफाच्या पेढीवर गर्दी असते, पण घेणाऱ्यांची नव्हे. मी कोपऱ्यात बसलो होतो. एक बाई आल्या, लुगड्याच्या पदराने डोके झाकलेल्या, बरोबर मुलगा. मुलाने मला पाहिले आणि चपापून म्हणाला, "नमस्कार सर." माझ्याच वर्गातला, दुसऱ्या वर्षाचा. मागच्या बाकावर बसतो, पण वही नेटकी असते.

बाईंनी रुमालाची गाठ सोडली. पाच पुतळ्या. शेटजींनी कसोटीवर घासून पाहिल्या, तराजूत टाकल्या आणि सवयीने माझ्यापुढे सरकवल्या. मी भिंग काढले. चार माझ्या आजीच्याच जातीच्या, काड्यांच्या. पाचवी उचलली आणि माझा हात थांबला. गुडघे टेकलेला दोजे. निशाणाच्या काठीलगत स्पष्ट अक्षरे. आणि कडेला नाव: 'अलोय. मोचेनि.' चौथा आल्विसे मोचेनिगो, १७६३ ते १७७८. पंधरा वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो तो गृहस्थ खारपाणपट्ट्यातल्या एका शेतकरीणीच्या रुमालातून निघाला होता.

"काय पाहता सर?" मुलाने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "जुनं आहे."

खोटे बोललो असे म्हणता येणार नाही. जुने होतेच. पण अशा नाण्याला जाणकार वजनाहून बरेच जास्त देतात, कडी असली तरी, हे मला ठाऊक होते आणि त्या दोघांना नव्हते. डाख आणि मळाची घट वजा जाऊन पाचही पुतळ्यांचे पैसे सारख्या दराने झाले. ते निघून गेल्यावर मी ती एक शेटजींकडून घेतली, सोन्याच्या भावाने. शेटजी काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी त्यांनी चहा मागवला नाही.

घरी येऊन मी सौभाग्यवतीला सगळे सांगितले. दोजेचेच जास्त सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही जमवलंय ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या गळ्यातून उतरलेलं आहे. आजवर तुम्हांला गळा दिसला नव्हता एवढंच." आणि उठून गेली.

आठ दिवस तो मुलगा वर्गात आला नाही. पेरणीत असणार. मी हजेरी घेताना त्याच्या नावावर अडखळू लागलो. शेवटी एका रविवारी, माझ्या अंदाजाने जो फरक होत होता तेवढे पैसे पाकिटात घातले, पुतळी एका डबीत घेतली आणि एस. टी.ने बाळापूरकडे निघालो.

त्या पट्ट्यात विहिरीला पाणी असते, पण खारे. माणसाला पिववत नाही, पिकाला चालत नाही. सगळी भिस्त आभाळावर. घर दोन खोल्यांचे. मला पाहून मुलाची धांदल उडाली. बाईंनी चहा केला. चहालाही किंचित खारी चव होती. पाऊस तीन दिवसांपूर्वी आला होता आणि दुसरी पेर जमिनीत होती. मी इकडचे तिकडचे बोललो, मग पाकीट पुढे केले आणि कशाचे ते सांगितले. सांगताना व्हेनिस, दोजे, मोचेनिगो सगळे आले. प्राध्यापकाला कबुलीसुद्धा व्याख्यानाशिवाय देता येत नाही.

बाईंनी ऐकून घेतले. पैसे मोजले, दोनदा मोजले. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मंग तवाच सांगाले काय झालं व्हतं, सर?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होत्या. मुलगा उंबऱ्याकडे पाहत उभा. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा दिलेच नाही.

"पाहू द्या," त्या म्हणाल्या. मी डबी उघडली. भिंग दिले. त्यांनी ते डोळ्याला न लावता लांब धरले, मग मुलाने कसे धरायचे ते दाखवले.

"हे सीतामाय नोय?"

"नाही. तो तिथला राजा आहे. गुडघे टेकून बसलाय."

"बाप्या हाय?" त्या हसल्या. "माह्या सासूले सांगाले पाह्यजे व्हतं. ते तर याच्यापाशीच नवस बोले." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बाकीच्या चार कुठी हायेत?"

बाकीच्या चार त्याच संध्याकाळी आटल्या होत्या. मी पाहिल्या होत्या, भिंगातून, आणि नकली म्हणून बाजूला सारल्या होत्या. आजीची पुतळी घरात कापसात गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाने! चारही काड्यांच्या होत्या. त्यांत एकाही सोनाराचा हात दुसऱ्यासारखा नसतो. त्या माणसांनी कोणत्या गावात, कोणत्या दिव्याखाली ते ठसे कोरले ते आता कधीच कळणार नाही. मोचेनिगोची नाणी व्हेनिसने ढिगांनी पाडली. युरोपातल्या संग्रहालयांतून ती आहेत. त्या चार मात्र कुठेच नाहीत.

"आटल्या," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. डबी बंद करून माझ्याकडे दिली. "हे तुमच्यापाशी राहू द्या. कापूस घरात आला का मी पैसे देऊन नेईन. तुमी मात्र आटू नोका."

हा सौदा झाला. व्यवहारात याला काय म्हणतात कोण जाणे. गहाण म्हणावे तर व्याज नाही, ठेव म्हणावे तर किंमत दिलेली आहे. मी भाच्याला छायाचित्र पाठवले. त्याने आनंदाने कळवले, की कडी सफाईने काढणारा एक कारागीर त्याच्या ओळखीचा आहे. डागसुद्धा राहणार नाही. मी त्याला लिहिले, की शंभर वर्षांपलीकडचे नाणे देशाबाहेर पाठवायला १९७२चा कायदा आडवा येतो. कारण खरे आहे, पण ते निमित्त आहे हे त्यालाही कळले असावे.

गेल्या वर्षी कापूस बरा आला नाही. वेचणीला बोंडे भिजली. बाई आल्या नाहीत. दिवाळीला आमच्या घरी चौरंगावर दोन पुतळ्या होत्या, एक काड्यांची आणि एक अक्षरांची. सौभाग्यवतीने दोन्हींना सारखेच कुंकू लावले. शेटजींच्या पेढीवर मी अजून शनिवारी जातो. आता काड्यांच्या पुतळ्या आल्या तरी वहीत त्यांचे चित्र काढून घेतो, वजन लिहितो, कोणत्या गावाहून आली ते विचारतो, आणि विकायला आलेल्या माणसाला त्याच्या समोरच काय ते सांगून टाकतो. त्यामुळे माझा संग्रह वाढलेला नाही. शेटजी म्हणतात, "मास्तर, तुम्ही आमचं गिऱ्हाईक बिघडवता." पण चहा पुन्हा सुरू झाला आहे.

यंदा पाऊस वेळेवर झाला. परवा पहिल्या वेचणीची सीतादही झाल्याचे त्या मुलाने सांगितले. तो आता तिसऱ्या वर्षाला आहे. दोन बाके पुढे सरकला आहे. तास संपल्यावर दाराशी घोटाळत उभा राहिला.

"सर, मायनं विचारलं हाय."

"काय?"

"कडी शाबूत हाय ना म्हणे?"

हा वाक्प्रचार त्यांच्या घरात कुठून गेला? मी त्या दिवशी चहाच्या भरात आजोबांची गोष्ट सांगितली असली पाहिजे.

"आहे म्हणावं," मी म्हणालो, आणि पुढच्या तासाला गेलो.